रोसिली चेचीचे दोन विषय

ग्रे हार्बर या परदेशातल्या बंदरात मला सगळे ‘व्हिसा सोजन’ म्हणतात. आम्हा मलयाळी लोकांना माणसाच्या नावाला काहीतरी चिकटवल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या गावी एक ‘जीप बेबी’ होता आणि एक ‘पोस्ट ऑफिस कुंजुमोन’ होता. बेबीकडे निदान जीप तरी होती. माझ्याकडे व्हिसाच्या नावाने आवळ्याएवढं पूज्य होतं. वर्क परमिटची मुदत संपत आलेली, आणि कायम राहण्याचा अर्ज सरकारदरबारी धूळ खात पडलेला. पण नियम मात्र तोंडपाठ. कुठला फॉर्म कधी भरायचा, फोटोत कान दिसले पाहिजेत की नाही, पासपोर्टची मुदत किती उरलेली असावी, सगळं. कॉलेजात नवीन आलेली पोरं बसमधून उतरली की बॅगा खाली ठेवायच्या आधी माझ्याकडे यायची. आपण उंटावरचे शहाणे आहोत हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं खरं तर रोसिली चेचीबद्दल, म्हणजे आमच्या रोसिलीताईबद्दल आहे. पण तिच्याबद्दल सांगायचं तर मला मध्ये यावंच लागतं. मी मध्ये आलो नसतो तर ती आज इथे असती.

ती आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. टेकडीवरच्या आमच्या निळ्या घरात बाकीची सगळी विशी-बाविशीची पोरं, आणि मी एकतीस. तिच्या दोन बॅगांपैकी एकीत नाइटीत गुंडाळलेली मासे शिजवायची मातीची चट्टी होती. इरिंजालकुडाहून तीन विमानं बदलून ती चट्टी तडा न जाता आली. माझी लोणच्याची बरणी कोचीच्या विमानतळावरच फुटली होती, त्यामुळे हे मला बरेच दिवस खुपत राहिलं.

नवरा सौदीला गेला होता तो तिकडेच विरघळला. ना पत्र, ना फोन. मुलगी डेल्ना सात वर्षांची, आजीजवळ ठेवलेली. गावातल्या नर्सरीत चेचीने नऊ वर्षं काढली होती, आणि आता लहान मुलांच्या संगोपनाचा दोन वर्षांचा कोर्स करायला ती आमच्या या बर्फाळ बंदरात आली होती. पहिल्याच दिवशी तिने मला स्वयंपाकघरात समोर बसवलं.

“सोजन, तुला सगळे नियम येतात म्हणे.”

“विचार की.”

“कोर्स संपला की काम करायचं परमिट किती वर्षांचं मिळतं?”

“दोन वर्षांच्या कोर्सला तीन वर्षांचं. पण एक लक्षात ठेव, चेची. हे परमिट जन्मात एकदाच मिळतं.”

“एकदाच पुरे रे. मला कुठे दहा मुली आहेत?”

तिचा हिशेब एवढा सरळ होता. आधी कोर्स, मग परमिट, मग पाळणाघरात नोकरी, मग डेल्ना. त्यापलीकडे तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. दर सप्टेंबरात तिची आई डेल्नाचं पाऊल वहीच्या कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद पोस्टाने पाठवायची. चेची तो कागद घेऊन दुकानात जायची आणि बर्फातले बूट आणायची, पावलापेक्षा एक माप मोठे. “येईपर्यंत वाढेल ना ती,” म्हणायची. पहिल्या वर्षीचे बूट लहान झाले तेव्हा तिने ते चर्चला देऊन टाकले आणि नवीन आणले. मी हसलो तर म्हणाली, “तुला पोर नाही, तू हसणारच.”

कोर्समध्ये आठवड्यातून काही दिवस खऱ्या पाळणाघरात काम करावं लागे. तिला मिळालं ते पेगीचं पाळणाघर. पेगी ही इथलीच, साठीची, मासेमाराची विधवा, जिभेला हाड नसलेली बाई. पहिल्या महिन्यातच ती मला बाजारात गाठून म्हणाली, “तुमच्या त्या बाईने माझ्या पोरांवर काय जादू केलीय? दुपारी झोपायचं म्हटलं की सगळी तिच्या भोवती.” जादू वगैरे काही नव्हती. चेची त्यांना आमच्याकडे झोळीतल्या बाळाला म्हणतात ते ‘वावावो’ म्हणायची, इतकंच. शेवंडी पकडणाऱ्या कोळ्यांची लालबुंद गालांची पोरं मलयाळी अंगाईवर झोपायची. पेगीने तेव्हाच सांगून ठेवलं होतं, परमिट हातात आलं की ही जागा रोसिलीची.

जिबिन माझ्या खोलीत राहायचा. बावीस वर्षांचा, कट्टप्पनाच्या डोंगरातला, वेलदोड्याच्या मळेकऱ्याचा एकुलता एक. आळशी, खादाड आणि गोड. चेचीच्या चट्टीतल्या माशाच्या कालवणासाठी तो तिची भांडी घासायचा. एकदा चट्टी त्याच्या हातून निसटता निसटता राहिली, तर म्हणाला, “चेची, ही गेली तर मी हिचं एक्केचाळीसावं घालीन. सगळ्या ग्रे हार्बरला जेवण.” आमच्यात माणूस गेला की एक्केचाळीसाव्या दिवशी प्रार्थना आणि जेवण असतं. चेचीने त्याच्या पाठीत पळी हाणली. “मेल्या, जिवंत भांड्याचं बोलतोस होय?”

चेचीच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या टर्मच्या फेब्रुवारीत जिबिनची गाडी सकाळी कामावर जाताना गोठलेल्या रस्त्यावरून घसरली. समोरून दुधाचा टँकर येत होता. 

ओळख पटवायला मी गेलो. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

कागदपत्रं होईपर्यंत त्याला अंत्यविधीवाल्यांकडे ठेवलं होतं. रोसिली चेची सकाळी तिथे जाऊन जपमाळ घेऊन बसली ती उठेचना. आमच्याकडे मृताला मातीआड होईपर्यंत एकटं ठेवत नाहीत; कुणीतरी उशाशी बसून प्रार्थना म्हणतच असतं. तिथला म्हातारा मालक पाच वाजता कुलूप घेऊन आला आणि नम्रपणे म्हणाला, बाई, आता बंद करायचंय. चेची म्हणाली, “करा. मी आत आहे.” म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. शेवटी त्याने तिला गादीची खुर्ची आणून दिली आणि आपल्या बायकोला सांगून सूपही. पाच दिवस आम्ही पाळ्या लावल्या. निम्म्या पाळ्या तिच्याच होत्या.

पाचव्या दिवशी विमानाची तारीख ठरली. कट्टप्पनाला फोन लावला. चार दिवस जिबिनची आई फोनवर फक्त रडली होती. त्या दिवशी ती रडली नाही. म्हणाली, “बाळांनो, त्याच्यासोबत कोण येतंय?”

फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. आम्ही पाच जण भोवती.

“तो एकटा येणार?” तिने पुन्हा विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बरोबरच होतं ते. माझ्या खोलीतला होता तो. दीड वर्ष आम्ही एकाच हीटरवर मोजे वाळवले होते. पण माझ्या परमिटची मुदत गेल्याच आठवड्यात संपली होती. वाढीव मुदतीचा अर्ज केला होता, आणि निकाल येईपर्यंत देशात राहून काम करायची मुभा होती. देशाबाहेर पाऊल टाकलं की ती मुभा संपली. नोकरी गेली असती, नोकरीबरोबर कायम राहण्याचा अर्जही गेला असता. हा नियम मला तोंडपाठ होता. मी तो सगळ्यांना समजावून सांगितला. तेव्हा मला माझ्या आवाजाची लाज वाटली, आजही वाटते.

बाकीच्या दोघांची नवी नोकरी, एकीची परीक्षा. सगळी कारणं खरीच होती.

चेची फोनकडे वाकून म्हणाली, “अम्मा, मी येते त्याच्यासोबत. मी रोसिली. तुम्ही मला ओळखत नाही.”

पलीकडून आवाज आला, “मासे करतेस ती ना?”

“हो, तीच.”

दहा दिवसांची रजा काढून ती गेली. त्याच विमानात, खाली सामानात जिबिन आणि वर ती. 

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी कारखान्यात शेवंडी निवडायच्या फिरत्या पट्ट्याजवळ उभा होतो. इअरफोन कानात अडकवलेला, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. चेचीचा फोन आला.

“सोजन, कामात आहेस?”

“आहे. पण बोल.”

“जिबिनची आई जेवत नाही रे. मी भरवलं तर दोन घास खाते. एक्केचाळीसाव्यापर्यंत थांब म्हणते. मी थांबले तर पाळणाघरातल्या कामाचे दोन विषय बुडतात. कॉलेज म्हणतंय, आठवड्यात ये, नाहीतर ते दोन सोड आणि उन्हाळ्यात कर. उरलेल्या दोन विषयांचं लिखाण मी इथून पाठवू शकते. पण परमिटला काही अडचण येईल का? तेवढं सांग, मग मी ठरवते.”

आता नियम असा होता: परमिट हवं असेल तर प्रत्येक टर्म पूर्ण वेळ शिकलेली हवी. शेवटच्या टर्मला तेवढी सूट. तेव्हा विषय थोडे असले तरी चालतात.

“चेची, ही तुझी शेवटची टर्म ना? शेवटच्या टर्मला अर्धे विषय चालतात. थांब खुशाल.”

“नक्की?”

“मी कधी चुकलोय?”

“बरं झालं तुला विचारलं,” ती म्हणाली. पट्ट्यावर तोपर्यंत शेवंडींचा ढीग साचला होता, मी फोन ठेवला. सगळं बोलणं मिनिटभराचं. संध्याकाळी घरातल्यांना मी एवढंच सांगितलं, की चेची तिकडे थांबतेय; माझ्या शब्दावर थांबतेय ही ऐट मनातच मिरवली.

एक्केचाळीसाव्याचं जेवण झाल्यावर ती परत आली. कट्टप्पनाहून इरिंजालकुडा काही फार दूर नाही, तरी डेल्नाला ती मध्ये दोनच दिवस भेटू शकली होती. “त्या माऊलीला सोडून निघवेना,” म्हणाली. “डेल्नाला काय, आता कायमची आणायचीच आहे.”

उन्हाळ्यात तिने राहिलेले दोन विषय केले. सप्टेंबरात कोर्स पुरा झाल्याचं पत्र मिळालं, त्याच दिवशी मी तिचा अर्ज भरला. मीच, माझ्या हाताने. अर्ज केला की उत्तर येईपर्यंत काम करता येतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ती पेगीकडे रुजू झाली. ते चार महिने तिच्याइतकं सुखी माणूस मी पाहिलं नाही. डेल्नासाठी तिने शाळा बघून ठेवली. घराच्या मागच्या छोट्या खोलीला पिवळा रंग दिला. त्या वर्षीचे बूट आले, जांभळे, आतून लोकरीचे, ते दाराजवळ आमच्या बुटांच्या रांगेतच ठेवले. येता-जाता आम्हाला तिथे एक लहान माणूस राहतंय असं वाटायचं.

जानेवारीत उत्तर आलं. नामंजूर.

ती दुपारीच घरी आली आणि फोनवर आलेलं पत्र माझ्यापुढे धरलं. चौथ्या टर्ममध्ये अर्जदार पूर्ण वेळ विद्यार्थिनी नव्हती, असं त्यात लिहिलं होतं.

“गाढव आहेत,” मी भडकलो. “चौथी टर्म म्हणजे शेवटची. शेवटच्या टर्मला सूट असते. थांब, मी आत्ता लिहितो त्यांना.”

“सोजन,” ती हळूच म्हणाली, “मग उन्हाळ्यातली कितवी?”

मी बोटांवर मोजलं. मोठा माणूस, कारखान्यात बारा माणसांवर सुपरवायझर, आणि बोटांवर मोजलं. एक, दोन, तीन, चार. आणि उन्हाळ्यातली पाचवी. जे दोन विषय तिने सोडले ते उन्हाळ्यात करावे लागले, म्हणून उन्हाळ्याची टर्म शेवटची झाली. आणि चौथी शेवटची उरलीच नाही. विषय सोडल्या क्षणीच चौथी टर्म मधली झाली होती, आणि मधल्या टर्मला सूट नाही. मी नियम बरोबर सांगितला होता. फक्त तो नियम ज्या टर्मवर उभा होता, ती टर्मच मी तिच्या पायाखालून काढून घेतली होती.

नामंजुरी आली त्या क्षणापासून काम करणं बेकायदेशीर. पेगी तिला म्हणत होती, निदान आजचा दिवस तरी पुरा कर. चेचीने ऐकलं नव्हतं. पोरं नुकतीच झोपली होती, म्हणून तिने आवाज न करता एप्रन खुंटीला अडकवला आणि मागच्या दाराने बाहेर पडली. पुढे बरेच दिवस पोरं दुपारी झोपतच नव्हती, हे मला पेगीनेच सांगितलं. तेव्हा ती माझ्याशी नीट बोलत होती. तिला खरं माहीत नव्हतं.

खरं कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते लपलं ते असं. महिन्यातून एकदा हॅलिफॅक्सहून पाद्री येऊन आमच्या भाषेत मिस्सा म्हणतो. नंतर हॉलमध्ये चहा आणि केळ्याची भजी. त्या रविवारी सगळे चेचीभोवती जमले.

“पण विषय सोडलेस कशाला?”

“कुणी सांगितलं तुला की चालेल म्हणून?”

“नाव सांग, आपण तक्रार करू.”

मी चहाच्या पातेल्यापाशी उभा होतो. हातातला डाव तसाच. चेचीने गर्दीतून माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि म्हणाली, “कॉलेजच्या ऑफिसात एक मुलगी बसते, तिने सांगितलं.”

मग काय, सगळ्यांनी त्या मुलीचा उद्धार केला. ती बिचारी चांगली होती, तिने कुणाला कधी चुकीचं सांगितलं नव्हतं. मीही मान हलवली. होय, मी मान हलवली. चहा ओतत होतो आणि मान हलवत होतो.

नंतरचे तीन महिने मी जिवाचं रान केलं. फेरविचाराचा अर्ज लिहिला, जिबिनच्या मृत्यूचा दाखला जोडला, विमानाची तिकिटं, पाद्र्याचं पत्र, पेगीचं पत्र. पेगीने तर चार पानं लिहिली होती, त्यातली अडीच शिव्या होत्या, त्या मी गाळल्या. उत्तर दोन ओळींचं आलं. मग आम्ही दोघं बसने पाच तास प्रवास करून हॅलिफॅक्सच्या एका वकिलीणबाईंकडे गेलो. बाईंनी कागद उलटसुलट पाहिले आणि चष्मा काढला.

“दोनच विषय का सोडले?” त्यांनी विचारलं. “कॉलेजकडून लेखी परवानगी घेऊन पूर्ण टर्मची रजा टाकायची होती. मृत्यूचं कारण होतं, परवानगी मिळाली असती. चारही विषय सोडले असते, तर आज परमिट हातात असतं.”

चेची म्हणाली, “म्हणजे मी निम्मा अभ्यास केला, ही चूक झाली?”

बाईंनी कागद परत तिच्यापुढे सरकवले. कट्टप्पनाच्या त्या घरात, एका हाताने जिबिनच्या आईला भरवून, दुसऱ्या हाताने तिने ते दोन विषय लिहून पाठवले होते. दोन्हींत तिला पहिला वर्ग होता.

पुन्हा नवा कोर्स घेऊन पहिल्यापासून सुरुवात करता आली असती. मी तसं सुचवलं. ती म्हणाली, “आणखी दोन वर्षं? डेल्ना मला फोनवर आता ‘बरी आहेस ना’ विचारते. मोठी माणसं विचारतात तसं. नको रे.”

एप्रिलमध्ये मी तिला विमानतळावर सोडायला गेलो. बाकीच्यांची कामं होती. चट्टी तिने माझ्यासाठी ठेवली. जांभळे बूट मात्र बॅगेत घातले. इरिंजालकुडात बर्फातले बूट! मी म्हटलं, चेची, हे तिकडे काय करणार? “तिच्यासाठी घेतलेत ना,” ती म्हणाली, “मग तिलाच द्यायचे.”

आत जायच्या आधी मी कसाबसा बोललो. “चेची, ते मी सांगितलं होतं.”

“माहीत आहे की. मीच विचारलं होतं.”

“मग त्या मुलीचं नाव का घेतलंस?”

ती पदर सावरल्यासारखी शाल सावरत राहिली. “तुझं स्वतःचं काम अजून लटकलेलं. त्यात आपली माणसं तुझ्यावर उलटली असती तर तू कुणाच्या तोंडाकडे बघून राहिला असतास इथे? आणि त्या मुलीला काय फरक पडतो? तिला मलयाळी शिव्या कळत नाहीत.”

ती हसली. मी हसू शकलो नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

जूनमध्ये माझा कायम राहण्याचा अर्ज मंजूर झाला. मी देश सोडला नव्हता, म्हणून. घरात पार्टी झाली. त्या चट्टीत मी मासे केले, ते जमले नाहीत. त्या दिवसापासून नवीन पोरं काही विचारायला आली की मी त्यांना सरकारी कागद काढायला लावतो आणि ओळ न् ओळ मोठ्याने वाचायला लावतो. पोरं कंटाळतात. व्हिसा सोजन म्हातारा झाला म्हणतात.

चेचीला गावच्या नर्सरीने परत घेतलं नाही. तिच्या जागी दुसरी आली होती. वर्षभरात ती कुवेतला गेली, एका घरात मुलं सांभाळायला. एका घरातली मोठी झाली की दुसऱ्या घरात. नऊ वर्षं. दुसऱ्यांची सहा मुलं तिने अंगाई म्हणून वाढवली आणि डेल्ना वाढली ती आजीच्या हातात. दोन वर्षांतून एकदा महिन्याची सुट्टी मिळायची. त्यातलेही चार दिवस ती कट्टप्पनाला, जिबिनच्या आईकडे जाऊन राहायची. ज्या विरहातून सुटायला ती इथवर आली होती, तोच विरह मी तिला परत, लांबलचक करून दिला. मला माफ केलंय तिने, पण माफीने वर्षं परत येत नाहीत.

मागच्या नोव्हेंबरात मी पट्ट्याजवळच होतो. हातात तेच रबरी मोजे. अनोळखी नंबर.

“सोजन अंकल? मी डेल्ना. रोसिलीची.”

ती वीस वर्षांची झाली होती आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला कॉलेजात शिकत होती, तिसऱ्या टर्ममध्ये. आवाज थेट आईचा. मी वेड्यासारखं विचारलं, “थंडी आहे का गं तिकडे? बूट आहेत ना?”

“आहेत. अम्माने एक जोड दिला होता लहानपणी. अजून कपाटात आहे, कधी घालायलाच मिळाला नाही.” मग म्हणाली, “अंकल, अम्मम्मा, अम्माची आई, सिरियस आहे. डॉक्टर म्हणतात, आठ-पंधरा दिवस. मला जायचंय. तिनेच वाढवलंय मला. मी एखाद-दोन विषय सोडून गेले तर पुढे परमिटला अडचण येईल का?”

पट्टा चालू होता. शेवंडी पुढे सरकत होत्या. उत्तर माझ्या जिभेवर होतं, आणि ते बरोबरही असावं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“अम्मा म्हणाली, तुम्हाला सगळं माहीत असतं.”

“नाही पोरी. ऐक. तुझ्या आईचं परमिट माझ्यामुळे गेलं. कॉलेजच्या मुलीमुळे नाही. मी इथेच, याच जागी उभा राहून तिला मिनिटभरात उत्तर दिलं होतं. तू मला विचारू नकोस.”

मला वाटलं, ती आता फोन ठेवेल.

“अंकल, मला ते सगळं माहीत आहे,” डेल्ना म्हणाली. “अम्माने कधीच सांगितलंय.”

“मग तरी मलाच विचारतेस?”

“अम्माच म्हणाली, दुसऱ्या कुणाला विचारू नकोस, सोजनलाच विचार. त्याला घाईतल्या उत्तराची किंमत माहीत आहे.”

मी पट्टा बंद करायला सांगितला. पोरं बघत राहिली, कारण मी कधी पट्टा थांबवत नाही. हातमोजे काढून कठड्यावर ठेवले, ऑफिसात जाऊन कागद आणि पेन घेतलं, दार लावलं आणि खुर्चीत बसलो.

“कॉलेजचं पत्र समोर आहे का तुझ्या?” मी म्हणालो. “पहिल्या ओळीपासून वाच. सावकाश. मी लिहून घेतो.”